ब्रिटनचे कोर्ट जात ओळखते, कायदा अजून ओळखत नाही



महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांपैकी अनेकजण ब्रिटनचा विचार करतात, कारण तिथे मास्टर्स साधारण एका वर्षात पूर्ण होते. शैक्षणिक कर्ज काढून जाणारे वेगळे. ऐरोली, महापे इथल्या आयटी कंपन्यांतून प्रोजेक्टवर जाणारे वेगळे. रुग्णालयांत आणि वृद्धांच्या देखभालीच्या कामावर गेलेल्या आपल्या भगिनी त्याहून वेगळ्या.

या सगळ्यांच्या घरी एक समजूत असते की विमान उडाले की जात मागे राहते. पण ज्या देशात भारतीय माणसे मोठ्या संख्येने राहतात, तिथे त्यांच्याबरोबर त्यांच्या सवयीही गेलेल्या असतात. आडनाव विचारणे, गाव विचारणे, घरात कोणाचा फोटो आहे ते पाहणे, आणि मग वागणे बदलणे. हा अनुभव लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम किंवा साउथॉलमध्येही येऊ शकतो. तो आला तर ब्रिटनचा कायदा आपल्या बाजूने उभा राहतो का?

याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या ब्रिटिश निकालांमध्ये आहे. उत्तर 'हो' आहे, पण ते 'हो' अर्धवट आहे. संरक्षण मिळते, मात्र ते मागच्या दाराने मिळते. पुढचा दरवाजा उघडण्याचे आश्वासन संसदेने २०१३ साली दिले होते. तो दरवाजा अजून बंद आहे. हा फरक आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

समानता कायदा आणि न लिहिलेला शब्द

ब्रिटनमध्ये २०१० साली समानता कायदा आला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नोकरी, शिक्षण, घरभाडे आणि सेवा या सगळ्या ठिकाणच्या भेदभावाला हाच कायदा लागू होतो. उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. वय, अपंगत्व, धर्म किंवा श्रद्धा, लिंग, वंश अशी नऊ वैशिष्ट्ये या कायद्याने संरक्षित केली आहेत. त्या नऊमध्ये जात नाही.

कायद्याचे नववे कलम वंशाची व्याख्या करते. त्यात वर्ण, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ यांचा समावेश आहे. त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमात जातीचा उल्लेख आला. जात हा वंशाचा एक भाग आहे, असा आदेश सरकार काढू शकेल, अशी ती तरतूद होती. म्हणजे शब्द आला, पण मंत्र्याच्या मर्जीवर.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या एका संशोधन संस्थेने अभ्यास करून सांगितले की, ब्रिटनमध्ये नोकरी आणि सेवांच्या क्षेत्रात जातिभेद आणि जातीवरून छळ होत असल्याचे पुरावे आहेत. कास्टवॉच यूके, दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क, अँटी कास्ट डिस्क्रिमिनेशन अलायन्स अशा संघटनांनी पाठपुरावा सुरू ठेवला. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड हॅरीस यांच्यासारख्या सदस्यांनी सरकारला सोडले नाही. अखेर एप्रिल २०१३ मध्ये एका दुसऱ्या कायद्याद्वारे या उपकलमातला एक शब्द बदलला. सरकार आदेश 'काढू शकेल' याऐवजी सरकारने आदेश 'काढलाच पाहिजे' असे झाले.

आपल्या लोकांनी तेव्हा आनंद साजरा केला, आणि तो योग्यच होता. पण आदेश काही निघाला नाही. आधी सल्लामसलत करू, मग पाहू, असे म्हणत वर्षे गेली. मार्च २०१७ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली. १६ हजारांहून अधिक प्रतिसाद आले. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की जातीसाठी वेगळी तरतूद नको, कोर्टांच्या निकालांतून मिळणारे संरक्षण पुरेसे आहे, आणि २०१३ ची सक्ती योग्य वेळी रद्द केली जाईल. सक्ती अमलात आणायची नाही आणि ती रद्द करण्याची घोषणा करून ठेवायची, अशा लटकत्या अवस्थेत हा प्रश्न ठेवला गेला.

सरकार ज्या निकालांकडे बोट दाखवत होते, त्यातला सर्वात मोठा निकाल एका मोलकरणीने मिळवला होता.

तासाला ११ पेन्स

चंढोक विरुद्ध तिर्की या नावाने हा खटला ओळखला जातो. बिहारमधून आलेली एक आदिवासी ख्रिश्चन महिला इंग्लंडमधील मिल्टन कीन्स इथे एका भारतीय कुटुंबाच्या घरी कामाला होती. साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला १८ तासांपर्यंत काम. झोपायला जमिनीवर गादी. तिच्या कामाचा मोबदला तासाला ११ पेन्स इतका पडत होता. आपले बायबल तिला बरोबर आणता आले नव्हते.

तिने रोजगार न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. दाव्यात तिने म्हटले की, मला असे वागवले गेले त्याला माझी जात कारणीभूत आहे. मालकपक्षाने आक्षेप घेतला की, समानता कायद्यात जात नाही. सरकारने आदेश काढलेला नाही. म्हणून दाव्यातला जातीचा भाग काढून टाका.

युक्तिवाद वरवर बिनतोड होता. पण रोजगार अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती लँगस्टाफ यांनी १९ डिसेंबर २०१४ रोजी तो फेटाळला. त्यांनी सांगितले की कायद्यातील 'वांशिक मूळ' हे शब्द व्यापक आणि लवचीक आहेत. माणसाची वंशपरंपरा, तो कोणाच्या पोटी जन्मला, हे त्यात येऊ शकते. जातीच्या नावाने होणारा भेदभाव जिथे अशा जन्मपरंपरेशी जोडलेला असेल, तिथे तो आजच्या कायद्यातही वंशभेद ठरू शकतो. सरकारने आदेश काढला नाही म्हणून हे दार बंद होत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला. फक्त किमान वेतनाच्या थकबाकीपोटी तिला १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. घरात राहून काम करणाऱ्यांना 'कुटुंबातलीच' म्हणून किमान वेतन नाकारण्याची पळवाट तेव्हा कायद्यात होती. तिच्या बाबतीत ती चालली नाही. पुढे १ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनने ती पळवाटच काढून टाकली.

नवी मुंबईच्या इमारतींमध्ये धुणीभांडी, स्वयंपाक आणि लहान मुलांची देखभाल करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना 'घरच्यासारखी' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. घरच्यासारखी म्हणायचे आणि पगार, सुट्टी, कप-बशी वेगळी ठेवायची. ब्रिटनमध्ये एका बाईने हा शब्द कोर्टात तपासायला लावला आणि तो टिकला नाही.

धर्म बदलला तरी जन्म विचारतात

बौद्ध म्हणून या निकालाकडे पाहताना एक मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. आपण जात नाकारली. पण समाजाने आपल्याला जात लावणे थांबवले नाही. भारतीय कायद्यात अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला असल्यामुळे बौद्धांना केंद्राच्या पातळीवर तो दर्जा मिळायला १९९० साल उजाडले. ३४ वर्षे आपण अन्याय सोसत होतो आणि कागद म्हणत होता की तुम्ही आता त्यात बसत नाही.

ब्रिटनच्या कोर्टांनी धरलेली वाट वेगळी आहे. तिर्की खटल्यात ती महिला कोणत्या धर्माची यावर तिच्या जातीचा प्रश्न अडला नाही. प्रश्न होता तिच्या जन्मपरंपरेचा. हाच विचार त्याआधीच्या दोन निकालांत दिसतो.

पहिला १९८३ चा, मंडला खटला. बर्मिंगहॅममधील एका खासगी शाळेने शीख मुलाला पगडीसह प्रवेश नाकारला. तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की शीख हा केवळ धर्म नाही, दीर्घ इतिहास आणि स्वतःची संस्कृती असलेला तो एक वांशिक समूहही आहे, म्हणून वंशभेदाचा कायदा लागू होतो.

दुसरा डिसेंबर २००९ चा, लंडनच्या ज्यू फ्री स्कूलचा. आई जन्माने किंवा मान्यताप्राप्त धर्मांतराने ज्यू असेल तरच मुलाला ज्यू मानायचे, असा शाळेचा प्रवेशनियम होता. एका मुलाच्या आईने ज्यू धर्म स्वीकारला होता, पण तिचे धर्मांतर शाळेने मान्य केलेल्या पंथातले नव्हते. मुलगा धर्म पाळत होता, तरी प्रवेश नाकारला गेला. नऊ न्यायमूर्तींच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की ही कसोटी आईच्या वंशावर चालते, म्हणून ती वंशभेदच आहे. शाळेचा हेतू धार्मिक होता, वाईट नव्हता, याने फरक पडत नाही.

या निकालात आपल्यासाठी मोठा धडा आहे. माणूस आज काय मानतो ते बाजूला ठेवून त्याचा जन्म मोजला, तर तो भेदभाव. बौद्ध तरुणाला कोणी आडनावावरून जोखत असेल, तर तो त्याच्या बुद्धाला क्वचितच विरोध करत असतो. तो त्याच्या आजोबांना मोजत असतो. म्हणून केवळ धर्माच्या आधारावर मिळणारे संरक्षण आपल्याला पुरत नाही. ब्रिटनच्या कायद्यात बौद्ध धर्माला धर्म म्हणून संरक्षण आहेच. पण जातीच्या अपमानासाठी लागतो तो 'वांशिक मूळ' या शब्दाचा आधार.

मागच्या दाराची अडचण

मग सरकार म्हणते तसे हे पुरेसे नाही का? तीन कारणांनी पुरेसे नाही.

पहिले कारण, निकालाची मर्यादा. तिर्की खटल्यात अपील न्यायाधिकरणाने जात नेहमीच वांशिक मूळात मोडते असे म्हटले नाही. काही परिस्थितींत मोडू शकते, इतकेच म्हटले. म्हणजे प्रत्येक पीडिताने आपला अनुभव त्या चौकटीत बसतो हे नव्याने सिद्ध करायचे. शिवाय हा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा नाही. रोजगार न्यायाधिकरणांवर तो बंधनकारक आहे. पण विद्यापीठ किंवा घरमालकाविरुद्धचा दावा इंग्लंडमध्ये काउंटी कोर्टात जातो. ते कोर्ट या निकालाला मान देईल, पण त्याला बांधलेले नाही. आपला विद्यार्थी नेमका तिथेच उभा असतो.

दुसरे कारण, निकाल मिळवण्याची किंमत. तिर्कीच्या आधी बर्मिंगहॅममध्ये एका आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्याने आपल्या नोकरीच्या ठिकाणी जातीवरून भेदभाव झाल्याचा दावा केला होता. लांबलेल्या सुनावणीनंतर २०१३ मध्ये न्यायाधीशांनी स्वतःला खटल्यातून बाजूला केले आणि तो निकालाविना कोसळला. कष्ट गेले, पायंडाही पडला नाही. कायदा निकालांतून घडवायचा म्हणजे कोणीतरी आधी अपमान सोसायचा, मग वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहायचे, आणि तरीही बाकीच्यांच्या हाती काही लागेल याची खात्री नाही.

तिसरे कारण सर्वात गंभीर आहे. कोर्टाने दिलेला अर्थ कोर्टच बदलू शकते. याचे ताजे उदाहरण याच समानता कायद्यात आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फॉर विमेन स्कॉटलंड खटल्यात निकाल दिला की या कायद्यातील 'लिंग' या शब्दाचा अर्थ जैविक लिंग असाच घ्यायचा. त्याआधी स्कॉटलंडच्या दोन कोर्टांनी उलट अर्थ लावला होता आणि स्कॉटिश सरकार त्यावर विसंबून होते. पाच न्यायमूर्तींनी एकमताने तो अर्थ रद्द केला. ट्रान्स व्यक्तींच्या जगण्यावर या निकालाचा मोठा परिणाम होतो आहे, आणि त्यावर ब्रिटनमध्ये तीव्र वाद सुरू आहे. इथे आम्हाला एकच गोष्ट दाखवायची आहे. ज्यांचे संरक्षण एखाद्या शब्दाच्या अर्थावर उभे असते, त्यांच्या पायाखालची जमीन एका सकाळी बदलू शकते. उद्या 'वांशिक मूळ' या शब्दांचा अर्थ वरच्या कोर्टाने आखडता घेतला, तर जातीचे संरक्षणही त्याच्याबरोबर आखडेल.

अमेरिकेतही हाच खेळ दिसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदबंदीचा शब्द थेट आपल्या नियमात लिहिला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. कारण काय दिले? आधीच्या कायद्यात हे संरक्षण आहेच. लंडन आणि सॅक्रामेंटो, दोन्ही ठिकाणी उत्तर एकच.

विरोधकांचे म्हणणे

जातीचा शब्द कायद्यात नको म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि आपण ती नीट ऐकली पाहिजे. ब्रिटनमधील काही हिंदू संघटना म्हणतात की तिथल्या नव्या पिढीला जात ठाऊकही नाही. कायद्यात लिहिले तर ती उलट पक्की होईल. आणि साऱ्या समाजाकडे संशयाने पाहिले जाईल.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे. जात नसेल, तर कायदा वापरायची वेळच येणार नाही. न वापरलेल्या कायद्याने कोणाचे नुकसान होत नाही. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर भारतीय राज्यघटनेत आहे. कलम १७ मध्ये अस्पृश्यता हा शब्द लिहिला तो ती नष्ट करण्यासाठी. शब्द लिहिल्याने अस्पृश्यता वाढली असे कोणी म्हणू शकत नाही. तिसऱ्या मुद्द्याबद्दल आम्ही एवढेच म्हणू की, भेदभावाविरुद्धचा कायदा भेदभाव करणाऱ्याला लागू होतो, समाजाला नाही. वंशभेदाच्या कायद्यामुळे प्रत्येक गोरा माणूस आरोपी होत नाही. आणि जात ही काही एका धर्माची मक्तेदारी नाही. दक्षिण आशियातील शीख, मुस्लीम, ख्रिश्चन समाजांतही ती शिरलेली आहे. आपल्या बौद्धांमध्येही लग्न जुळवताना पोटजात पाहिली जात असेल, तर कायद्याचा आरसा आपल्यालाही लागू आहे.

महाडचा निकाल काय सांगतो

मागच्या दाराने मिळालेला न्याय आपल्या चळवळीला नवा नाही. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी ब्रिटिश कायद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही स्वतः अनुभवल्या.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावून बाबासाहेब आणि सहकाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. महाडचे कोर्ट, मग ठाण्याचे कोर्ट, मग मुंबई हायकोर्ट असा हा दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. पाणी खुले झाले, पण दहा वर्षांनी.

आणि कोणत्या कारणाने? अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून नव्हे. तळ्यावर अस्पृश्यांना बंदी असल्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून. ती रूढी खरोखर सिद्ध झाली असती तर? निकालाच्या त्या तर्काने आपण हरलोही असतो.

बाबासाहेबांना हे पुरते कळलेले होते. म्हणून घटना लिहिण्याची वेळ आली तेव्हा अस्पृश्यतेचा प्रश्न कोर्टाच्या अर्थावर सोडला गेला नाही. कलम १७ ने ती थेट नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. त्यावर पुढे १९५५ चा कायदा आला आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

लिहिलेला कायदा असला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. २० मार्च २०१८ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या दिवशीच, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष महाजन खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट केली. अटकेपूर्वी परवानगी, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशा अटी आल्या. २ एप्रिलला देश रस्त्यावर उतरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी दूर केल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

इथे पुढच्या दाराचे मोल कळते. कायदा लिहिलेला होता, म्हणून काय परत मागायचे ते आपल्याला ठाऊक होते. ब्रिटनमधील आपल्या बांधवांकडे परत मागायला तसे कलमच नाही. त्यांच्याकडे आहे एक निकाल आणि एक न पाळलेले वचन.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

हा वकिली सल्ला नाही, पण निघण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला आणि नोकरदाराला एवढे माहीत हवे.

एक, मुदत. नोकरीतील भेदभावाचा दावा घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, एक दिवस कमी धरून, हालवावा लागतो. दाव्याआधी एकास या सरकारी समेट संस्थेला कळवणे सक्तीचे आहे. २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे, पण ती लागू झाल्याची खात्री होईपर्यंत तीनच महिने धरा. विद्यापीठ किंवा घरमालकाविरुद्धच्या दाव्याला सहा महिने असतात.

दोन, फी. रोजगार न्यायाधिकरणात दावा करायला आज फी नाही. २०१३ साली सरकारने ती लावली होती आणि भेदभावाच्या दाव्यासाठी ती १,२०० पौंडांपर्यंत जात होती. युनिसन या कामगार संघटनेने लढा दिला आणि २६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. गरीब माणसाला कोर्टाचे दार बंद असेल तर कायदा कागदावरच राहतो, हा त्या निकालाचा गाभा. एका संघटनेच्या लढ्याचा फायदा आज आपल्या मुलांना मिळतो आहे. तिथे गेल्यावर युनियनचे सभासद व्हा, हे यातूनच शिकावे.

तीन, शब्द. तक्रारीत फक्त 'जात' लिहून थांबू नका. 'वंश, त्यातील वांशिक मूळ आणि जन्मपरंपरा' असा आधार स्पष्ट लिहा आणि त्याखाली जात समजावून सांगा. बौद्ध म्हणून अपमान झाला असेल तर 'धर्म किंवा श्रद्धा' हा आधारही जोडा. तुमच्या जातीचा अर्थ समोरच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ठाऊक असेल असे गृहीत धरू नका.

चार, नोंद. तारीख, वेळ, कोण बोलले, नेमके कोणते शब्द, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधील मजकूर पुसला जाण्याआधी जपून ठेवा. तक्रार तोंडी न करता ईमेलने करा.

पाच, व्हिसा. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर सामान्यतः ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. अनेकजण याच भीतीने गप्प बसतात. भीती खोटी नाही. म्हणूनच नोकरी टिकून असतानाच युनियन, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारखी मोफत सल्ला देणारी संस्था आणि विद्यार्थी असाल तर स्टुडंट्स युनियन, यांच्याशी बोलून ठेवावे.

कार्यकर्त्यांनी काय मागायचे

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्याला माहीत आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. स्थानिक कॅम्डन कौन्सिलने निवासी घराचे स्मारक करायला परवानगी नाकारली, शेजाऱ्यांनीही हरकती घेतल्या. सार्वजनिक चौकशी झाली. तिथल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी बाजू मांडली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. ही लढाईही ब्रिटनच्या कायद्याच्या चौकटीतच लढली आणि जिंकली गेली.

त्या घराला हार घालायला दरवर्षी लोक जातात, जावेच. पण शासनाने विकत घेतलेल्या त्या घरात महिन्यातून एक दिवस विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मार्गदर्शन का असू नये? परदेश शिष्यवृत्ती देणाऱ्या सामाजिक न्याय विभागाने निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात चार पानांची मराठी माहितीपुस्तिका का देऊ नये? या दोन मागण्यांना मोठा खर्च नाही. नवी मुंबईतील विहारांनी, महिला मंडळांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ठराव करून त्या विभागाकडे पाठवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

तिसरी मागणी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांची. तिथल्या सरकारने जुलै २०२४ मध्ये वंश आणि अपंगत्वासंबंधी नवे समानता विधेयक आणण्याची घोषणा केली. समानता कायदा पुन्हा उघडला जात असेल, तर नवव्या कलमातले ते पाचवे उपकलम अमलात आणा, असे तिथल्या प्रत्येक मराठी मतदाराने आपल्या खासदाराला लिहावे. राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यालाही तिथे मतदान करता येते, हे अनेकांना माहीत नसते. नाव नोंदवा. खासदाराला मतदाराचे पत्र वेगळे वाटते.

एका आदिवासी मोलकरणीने एकटीने मागचा दरवाजा ढकलून उघडला. त्यातून आत शिरायला आपण सगळे तयार आहोत. पण तिच्यासारख्या पुढच्या बाईला तेवढेच ढकलावे लागू नये, यासाठी पुढचा दरवाजा उघडून घेणे हे संघटित समाजाचे काम आहे. शिका आणि संघटित व्हा हे आपण रोज म्हणतो. लंडनला निघालेल्या मुलीच्या बॅगेत पदवीच्या कागदांबरोबर तिच्या हक्काचा कागद ठेवणे, हा त्याचाच भाग आहे.

जय भीम!